लेसिक: तपासणीचे दोन तास, लेझरची काही सेकंदं, नंतरचे सहा महिने

लेझरने चष्मा घालवायचं मनात आलं की पहिला प्रश्न असतो "दुखतं का?" आणि दुसरा "खर्च किती?" दोन्ही रास्त आहेत. पण डोळ्याचं पुढचं सगळं ज्यावर अवलंबून असतं तो प्रश्न तिसराच: माझ्या कॉर्नियात काढण्याजोगी जाडी आहे का, आणि तिचा आकार निरोगी आहे का? त्याचं उत्तर आधीच्या तपासणीत मिळतं. म्हणून इथे सगळ्यात जास्त जागा तपासणीलाच दिली आहे.

कॉर्निया म्हणजे बुबुळासमोरची पारदर्शक काच. मधोमध तिची जाडी साधारण ५२० ते ५५० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त. अगदी वरचा थर सुमारे ५० मायक्रॉनचा असतो. तो खरचटला तरी काही दिवसांत भरून येतो. त्याखालचा जाड थर, स्ट्रोमा, मात्र एकदा काढला की परत येत नाही. लेझर काम करतो तो याच थरावर. मायनस नंबरवाल्यांचा मधला भाग चपटा करतात, प्लस नंबरवाल्यांच्या मध्याभोवती कड्यासारखा भाग काढून मध्य उंच करतात. यासाठी वापरतात तो एक्सायमर लेझर १९३ नॅनोमीटरचा, अतिनील. त्याच्या एका ठोक्यात मायक्रॉनच्या जेमतेम पाव भागाइतकी पेशींची जाडी उडते आणि शेजारचा भाग भाजत नाही. हा गुण सापडला १९८१ साली, अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत. मद्रास विद्यापीठात शिकलेले रंगस्वामी श्रीनिवासन आणि त्यांचे दोन सहकारी, जेम्स वाइन व सॅम्युअल ब्लम, यांचं ते काम.

आता हिशेब. तो कागदावर मांडता येतो आणि प्रत्येकाने आपल्यापुरता मांडून पाहावा. एका नंबरामागे किती मायक्रॉन जातील हे ढोबळमानाने असं निघतं: उपचाराच्या वर्तुळाचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, तीनने भागा. साडेसहा मिलिमीटरचं वर्तुळ असेल तर दर नंबरामागे सुमारे १४ मायक्रॉन. प्रत्यक्षात बरीच यंत्रं कडा नितळ ठेवण्यासाठी याहून थोडं जास्तच काढतात. समजा जाडी ५३०, नंबर मायनस ६. काढायचे ८५ मायक्रॉन. लेसिकमध्ये वरून जी पातळ चकती उचलतात, तिला फ्लॅप म्हणतात, तिचे ११० धरा. ५३० मधून ११० आणि ८५ गेले, उरले ३३५. फ्लॅपखाली किमान २५० मायक्रॉन शिल्लक हवेत हा जुना नियम, आणि सावध सर्जन ३०० च्या खाली जायला तयार नसतात. हा डोळा बसतो.

दुसरा डोळा घ्या. जाडी ४९०, नंबर मायनस ८. काढायचे ११३, फ्लॅपचे ११०, उरले २६७. २५० चा नियम पाळला गेला म्हणून कुणी हो म्हणेल. पण आणखी एक मोजमाप आहे: फ्लॅप आणि काढलेला भाग मिळून मूळ जाडीच्या ४० टक्क्यांच्या आत हवेत. इथे ते साडेपंचेचाळीस टक्के होतात. हा डोळा लेसिकसाठी नाही. वर्तुळ सहा मिलिमीटरचं केलं तर दर नंबरामागे १२ मायक्रॉनच लागतात आणि आकडे सावरल्यासारखे दिसतात. पण अंधारात ज्यांची बाहुली सात मिलिमीटरपर्यंत मोठी होते त्यांना मग रात्री प्रत्येक दिव्याभोवती वलय दिसतं. एकीकडे वाचवलेले मायक्रॉन दुसरीकडे असे वसूल होतात. म्हणून काळोखात बाहुलीचा व्यास मोजला का, हे विचारा.

जाडीपेक्षाही महत्त्वाचा आकार. काहींचा कॉर्निया हळूहळू पातळ होत शंकूसारखा पुढे येतो. याला केराटोकोनस म्हणतात. सुरुवातीच्या अवस्थेत माणसाला काहीच कळत नाही, सिलिंडर नंबर वरचेवर बदलतो एवढंच. अशा डोळ्यावर लेसिक केलं तर उरलीसुरली ताकदही जाते आणि कॉर्निया फुगत जातो. याला एक्टेशिया म्हणतात. लेझरच्या सगळ्या गुंतागुंतींत हिलाच सर्वात जास्त घाबरायला हवं, कारण ती महिन्यांनी किंवा वर्षांनी उगवते आणि पूर्ववत होत नाही. रायबोफ्लेविनचे थेंब आणि अतिनील किरण वापरून, म्हणजे सी-थ्री-आर करून, ती थोपवता येते. गेलेली नजर पूर्ण परत मिळेलच असं नाही. ही शक्यता पकडण्यासाठी कॉर्नियाचा नकाशा काढतात. नकाशा पुढच्या पृष्ठभागाइतकाच मागच्या पृष्ठभागाचाही हवा, कारण बिघाड बहुधा मागून सुरू होतो. पेंटाकॅमसारखं यंत्र हे काम काही सेकंदांत करतं. नुसता जाडीचा एक आकडा सांगून "तुम्ही फिट आहात" म्हणणाऱ्या ठिकाणी थांबू नका.

डोळे चोळायची सवय असेल तर ती लपवू नका. अ‍ॅलर्जीने डोळे खाजणारी मुलं वर्षानुवर्षं मुठीने डोळे चोळतात आणि केराटोकोनसशी या सवयीचा थेट संबंध आहे. आधी अ‍ॅलर्जी आटोक्यात, मग लेझरचा विचार. घरात कुणाला केराटोकोनस असेल तर तेही सांगा.

तपासणीला जाण्याआधी कॉन्टॅक्ट लेन्स बंद ठेवाव्या लागतात: मऊ लेन्स एक ते दोन आठवडे, सिलिंडरच्या टॉरिक लेन्स किमान दोन, कडक लेन्स तीन-चार किंवा त्याहून जास्त. लेन्सच्या दाबाने कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदललेला असतो आणि तोच बदललेला आकार मोजला तर लेझर चुकीच्या नंबरावर चालतो. इतक्या साध्या गोष्टीमुळे बिघडणारं ऑपरेशन टाळणं आपल्या हातात आहे. लग्न तोंडावर आहे म्हणून "कालच काढल्या लेन्स" असं कबूल न करणारे लोक स्वतःचंच नुकसान करतात.

नंबर दोनदा काढला जातो, एकदा थेंबांशिवाय आणि एकदा बाहुली मोठी करणारे थेंब घालून. तरुण डोळा जोर लावून नंबर फुगवून दाखवतो; थेंबांनी तो जोर सैल पडतो आणि खरा आकडा कळतो. नंतर काही तास जवळचं वाचता येत नाही, ऊन सहन होत नाही. दुचाकी घेऊन जाऊ नका, सोबत कुणीतरी न्या. याच थेंबांच्या आधाराने मागचा पडदा कडेपर्यंत तपासतात. मायनस नंबरवाल्यांचा डोळा लांबट असतो, त्यामुळे पडदा ताणलेला असतो. कडेला पातळ पट्टे किंवा बारीक भोकं सापडली तर गरजेप्रमाणे त्यांच्याभोवती आधी वेगळ्या लेझरने डाग देतात आणि लेसिक काही आठवडे पुढे ढकलतात.

कोरडेपणाची तपासणी बरेच जण गमतीत घेतात: पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं बसवतात. पट्टी दहा मिलिमीटरपेक्षा कमी भिजली तर विचार करायला हवा, पाचपेक्षा कमी असेल तर आधी कोरडेपणाचे उपचार. फ्लॅप कापताना कॉर्नियाच्या संवेदना नेणाऱ्या बारीक नसा कापल्या जातात, त्यामुळे डोळ्याला आपण कोरडे झालोय हे कळतच नाही आणि अश्रू कमी येतात. नसा परत वाढायला सहा महिने ते वर्ष लागतं. दिवसभर एसीत संगणकासमोर बसणाऱ्याच्या आधीच कोरड्या डोळ्यावर हे ओझं वाढलं तर चष्मा जातो पण चुरचुर राहते.

कुणी थांबावं? अठरा वर्षांखालच्यांनी तर नक्कीच; वीस-एकवीसनंतर केलेलं बरं. वर्षभरात नंबर अर्ध्या नंबरापेक्षा (०.५) जास्त हलला असेल त्यांनी. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, कारण संप्रेरकांमुळे नंबर आणि अश्रू दोन्ही बदलतात. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेणाऱ्यांनी त्या बंद करून काही महिने जाऊ द्यावेत. साखर आटोक्यात नसलेले, संधिवातासारखे प्रतिकारशक्तीचे आजार असलेले, डोळ्यात हर्पिस होऊन गेलेले, यांनी आपल्या डॉक्टरांना सगळं सांगूनच पुढे जावं. भरतीची तयारी करणाऱ्यांनी त्या वर्षीच्या जाहिरातीतले वैद्यकीय निकष आधी वाचावेत. सैन्यदलाच्या काही शाखांत लेझर चालतं, काहींत त्यामुळेच अपात्र ठरवतात. जिथे चालतं तिथेही वय, शस्त्रक्रियेनंतर गेलेला काळ आणि उरलेली जाडी पाहतात.

चाळिशीजवळ आलेल्यांसाठी वेगळी गोष्ट. आपण वाचायच्या चष्म्यालाच चाळिशी म्हणतो, आणि लेझर तिला अडवत नाही. मायनस अडीच नंबरचा माणूस आज चष्मा काढून पेपर वाचतो. दोन्ही डोळे शून्यावर आणले की बेचाळिसाव्या वर्षी त्याला लांबचं लख्ख दिसेल आणि मोबाइलसाठी चष्मा शोधावा लागेल. काही जण एक डोळा मुद्दाम मायनस एक ते दीडवर ठेवतात, म्हणजे तो जवळचं सांभाळतो. हे प्रत्येकाच्या मेंदूला मानवत नाही. ऑपरेशनआधी आठवडाभर कॉन्टॅक्ट लेन्स लावून तीच परिस्थिती जगून पाहा, जिने उतरा, गाडी चालवा, मग ठरवा.

पद्धती तीन. लेसिकमध्ये फ्लॅप उचलून खालच्या थरावर लेझर देतात. फ्लॅप पात्याने कापतात किंवा फेम्टोसेकंद लेझरने. दुसऱ्यात जाडी जास्त नेमकी मिळते. "ब्लेडलेस" शब्दाचा अर्थ एवढाच. दुसरी पीआरके: फ्लॅप नाहीच, वरचा ५० मायक्रॉनचा थर काढून थेट लेझर. पातळ कॉर्नियासाठी, आणि कबड्डी, कुस्ती, बॉक्सिंग खेळणाऱ्यांसाठी हीच चांगली, कारण सुटणारी चकतीच नसते. किंमत म्हणजे पहिले दोन-तीन दिवस खरोखर दुखतं, पाणी येतं, उजेड नको वाटतो. चार-पाच दिवस संरक्षक लेन्स डोळ्यात राहते आणि नजर पूर्ण स्वच्छ व्हायला एक ते तीन महिने लागतात. तिसरी स्माईल: फेम्टोसेकंद लेझर आतच भिंगाच्या आकाराची पातळ चकती कोरतो आणि सर्जन ती दोन ते चार मिलिमीटरच्या छेदातून बाहेर काढतो. नसा कमी कापल्या जातात, फ्लॅप नसतो. पण नजर स्थिरावायला लेसिकपेक्षा थोडे जास्त दिवस जाऊ शकतात, आणि नंतर नंबर उरला तर तो बहुधा पीआरकेने काढावा लागतो. तिन्हींपैकी एकही जमत नसेल तर बाहुलीमागे बसवायची आयसीएल लेन्स हा पर्याय आहे. तिथे कॉर्नियाचा थर काढावाच लागत नाही. एकच यंत्र असलेल्या केंद्रात सगळ्यांनाच तेच सुचवलं जाण्याची शक्यता असते, म्हणून मोठ्या नंबरवाल्यांनी दुसरं मत घ्यावं.

खर्चाबद्दल एक उपयोगाची गोष्ट. आरोग्य विम्यात साडेसातपेक्षा कमी नंबर घालवण्याचा खर्च वगळलेला असतो. नंबर त्याहून मोठा असेल तर पॉलिसीतली प्रतीक्षेची अट पाहून आधी लेखी परवानगी मागा.

ऑपरेशनचा दिवस

तीन-चार दिवस आधीपासून काजळ, आयलायनर बंद. काजळाचे कण पापणीच्या मुळाशी बसतात, नुसत्या पाण्याने निघत नाहीत आणि फ्लॅपखाली जाऊ शकतात. त्या दिवशी अत्तर, डिओ, आफ्टरशेव्ह लावू नका; त्यांची वाफ लेझरच्या वाटेत येते. डोक्यावरून नाहून या, कारण पुढे आठवडाभर ते जमणार नाही. पुढून बटणाचा शर्ट घाला. उपाशी राहायची गरज सहसा नसते.

खोली थंड असते आणि हवेतला दमट अंश मुद्दाम आवरलेला असतो. कॉर्निया जास्त ओला राहिला तर लेझर कमी भाग काढतो, सुकला तर जास्त. कोकणातल्या पावसाळ्यात हे यंत्रणेवरच अवलंबून असतं, म्हणून चांगली केंद्रं रोजच्या रोज तापमान आणि आर्द्रता नोंदवतात.

बधिर करणारे थेंब घालतात, इंजेक्शन नाही. पापण्या उघड्या ठेवायला तारेचा छोटा आकडा बसवतात. त्यामुळे मिचकावण्याची चिंता राहत नाही. फ्लॅप करताना डोळ्यावर सक्शनची कडी दाबली जाते. जोराचा दाब जाणवतो आणि काही सेकंद समोरचं सगळं राखाडी किंवा काळं होतं. दाबामुळे पडद्याचा रक्तपुरवठा क्षणभर कमी होतो म्हणून तसं होतं, आणि कडी सुटताच दिसू लागतं. आधी माहीत असलं की माणूस दचकून डोकं हलवत नाही. हलवलं तर सक्शन सुटतं आणि काम थांबवावं लागतं. मग फ्लॅप उचलतात, दिवा धूसर पसरट होतो, आणि त्याच्याकडेच पाहत राहायचं असतं. लेझर टकटक आवाज करतो, केस जळल्यासारखा वास येतो. तुमचा डोळा जळत नसतो. उडालेल्या पेशींचा तो वास. एका डोळ्याला बहुतेकदा पाऊण मिनिटाच्या आतच लागतं. डोळा किंचित हलला तर यंत्र त्याच्या मागे जातं, फार हलला तर आपोआप थांबतं. फ्लॅप परत ठेवून धुतात, सपाट करतात, टाका नसतो. दोन्ही डोळ्यांचं मिळून पंधरा-वीस मिनिटांत आटोपतं. अर्ध्या तासाने सूक्ष्मदर्शकाखाली फ्लॅप पाहिल्याशिवाय घरी निघू नका.

नंतर

पहिले चार ते सहा तास डोळ्यात कांद्याचा रस गेल्यासारखं चुरचुरतं, पाणी येतं. सगळ्यात चांगलं औषध झोप. रात्री आठवडाभर डोळ्यांवर पारदर्शक झाकण चिकटवायचं, कारण झोपेत हात डोळ्याकडे जातो आणि पहिल्या दिवसांत फ्लॅप सरकायला एक घासणं पुरतं. पांढऱ्या भागावर लाल डाग दिसले तर ते सक्शनने फुटलेल्या बारीक केशवाहिन्यांचे. दोन आठवड्यांत जातात.

थेंब साधारण तीन प्रकारचे: प्रतिजैविक आठवडाभर, स्टेरॉइड डॉक्टरांनी आखलेल्या उतरत्या क्रमाने, आणि कृत्रिम अश्रू तीन ते सहा महिने. दोन थेंबांत पाच मिनिटांचं अंतर ठेवा, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन नेतो. कृत्रिम अश्रू शक्यतो प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्या. स्टेरॉइडबद्दल मात्र कळकळीने सांगावंसं वाटतं: ठरलेली मुदत संपली की मेडिकलमधून स्वतःहून दुसरी बाटली आणू नका. त्याने डोळे छान निवतात खरे, पण आत दाब चढतो आणि काचबिंदू होऊ शकतो. पीआरकेनंतर स्टेरॉइड जास्त काळ चालतं, तेव्हा तर दाबाची तपासणी चुकवायचीच नाही.

दुसऱ्या दिवशीची तपासणी, मग आठवडा, महिना, तीन महिने. गाडी दुसऱ्या दिवशीच्या तपासणीत परवानगी मिळाल्यावरच. संगणक दोन-तीन दिवसांनी, आणि पहिला महिना दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फूट लांब पाहायचं. पोहणं महिनाभर नाही. रंगपंचमी किंवा विसर्जन मिरवणूक पंधरवड्यावर असेल तर तारीखच बदला. गुलाल पापणीखाली गेला की चोळल्याशिवाय राहवत नाही. दुचाकीवर काच असलेलं हेल्मेट. पीआरकेवाल्यांनी काही महिने उन्हात गॉगल लावायचा, कारण अतिनील किरणांनी बरा होणारा थर गढूळ होऊ शकतो.

रात्री दिव्यांभोवती वलयं आणि समोरून येणाऱ्या एलईडी दिव्यांचा फटाका बहुतेकांना पहिले काही आठवडे जाणवतो, तीन महिन्यांपर्यंत कमी होत जातो. सकाळी लख्ख आणि संध्याकाळी धूसर दिसत असेल तर कोरडेपणाकडे बघा. नंबर परत आला म्हणून घाबरण्याआधी अश्रूंचे थेंब नेमाने घाला.

खरोखर धावत जायची लक्षणं वेगळी. पहिला दिवस बरा गेल्यावर पुन्हा दुखू लागणं, लाली वाढणं, एका डोळ्याची नजर उतरणं: यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दाखवा, पुढच्या तारखेची वाट पाहू नका. फ्लॅपला सुरकुती पडली असेल तर एक-दोन दिवसांत उचलून सरळ करता येते. उशीर झाला की ती इस्त्री न केलेल्या कापडासारखी पक्की बसते. फ्लॅपखाली जंतूंशिवायची सूज येऊ शकते, ती बहुधा पहिल्या ते तिसऱ्या दिवशी दिसते आणि फारशी दुखत नाही, म्हणूनच दुसऱ्या दिवशीची तपासणी टाळू नये. तासातासाने स्टेरॉइड घालून किंवा फ्लॅप धुऊन ती आटोक्यात येते. जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण झाला तर तास मोजावे लागतात. आणि फ्लॅप कधीच मूळच्या ताकदीने चिकटत नाही: वर्षांनंतरही तान्ह्या बाळाचं नख किंवा झाडाची फांदी जोरात लागली तर तो सरकू शकतो. असं झालं तर चोळू नका, पाणी मारू नका, डोळा झाकून थेट डॉक्टरांकडे जा.

थोडा नंबर उरला किंवा पुढे परतला, तर तीन ते सहा महिने तो स्थिर राहतो का पाहतात. दुसऱ्यांदा लेझर करायचं की नाही हे पुन्हा जाडीच्याच हिशेबावर ठरतं. सुरुवातीला ५३० असलेल्याला ही मुभा असते, ४९० असलेल्याला बहुधा नसते.

नंबर गेला तरी डोळा लांबटच राहतो. पडदा सुटण्याचा मायनसवाल्यांचा धोका लेझरने कमी होत नाही. अचानक वीज चमकल्यासारखं दिसणं, काळ्या ठिपक्यांचा पाऊस, कडेने पडदा ओढल्यासारखी सावली, ही लक्षणं दहा वर्षांनी आली तरी त्याच दिवशी तपासा, आणि वर्षातून एकदा पडदा दाखवत राहा.

शेवटी कागद. पातळ झालेल्या कॉर्नियावर डोळ्याचा दाब खऱ्यापेक्षा कमी मोजला जातो, त्यामुळे काचबिंदू नजरेतून सुटू शकतो. मोतीबिंदूच्या वेळी भिंगाचा नंबर काढणारी नेहमीची सूत्रं लेझर झालेल्या मायनस डोळ्याला फसतात: ती कॉर्नियाची ताकद खऱ्यापेक्षा जास्त धरतात, भिंग कमी ताकदीचं निवडलं जातं आणि माणसाला प्लस नंबर येतो. वीस-तीस वर्षांनी ते भिंग ठरवणाऱ्या डॉक्टरांना हवे असतात आधीचा नंबर, आधीची कॉर्नियाची वक्रता आणि जाडी, लेझरने काढलेले मायक्रॉन आणि नंतर स्थिरावलेला नंबर. डिस्चार्जच्या कागदात हे सगळं लिहून मागा, नकाशाची रंगीत प्रत घ्या. नंबर मोजणाऱ्या यंत्राची छोटी चिठ्ठी थर्मल कागदावर असते आणि काही वर्षांत कोरी होते. तिचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा.